टाकीतून टाकीत : नवशिक्यांसाठी सचित्र मार्गदर्शिका (चित्रं वगळून)

ही मार्गदर्शिका ज्यांच्या घरी दोन टाक्या आहेत त्यांच्यासाठी. एक काचेची, पुढच्या खोलीत; आलेला पाहुणा चहा येईपर्यंत तिच्याकडे बघत बसतो. दुसरी विटा-सिमेंटची, मागच्या बोळात. तिच्यावर फरशी टाकून आपण मोटारसायकल उभी करतो आणि जेवताना तिचं नाव काढत नाही. पहिलीतलं खतपाणी दुसरीत सुखरूप कसं पोचवायचं, एवढाच विषय. दुसऱ्या एखाद्या जिल्ह्यात तो एका ओळीत आटोपला असता : बादली भरा, संडासात ओता, हात धुवा. पण मी बुलढाणा जिल्ह्यातल्या खामगावचा. इथं माणूस भरलेली बादली घेऊन बाहेर निघाला की ओट्यावर बसलेला प्रत्येक जण मान वळवतो. त्यामुळे मार्गदर्शिका थोडी लांबली आहे.

साहित्य

साधारण शंभर लिटरची माशांची टाकी, तिच्यात खरीखुरी झाडं. गवंडी लेव्हल बघायला वापरतो तसली दोन मीटर पारदर्शक नळी. दोन बादल्या, एकीवर ऑइलपेंटनं ठळक ‘मासे’ असं लिहावं, नाहीतर घरातलं कोणी ना कोणी तिच्यात फिनाइल कालवतंच. एक सेप्टिक टाकी, शक्यतो स्वतःची. आणि शेजारी. शेजारी साहित्यात कशाला, हे नवशिक्याला पुढे कळेल.

पायरी पहिली : खत आलं कुठून ते आठवा

टाकीत प्लास्टिकची झाडं असतील तर तुमचं पाणी नुसतं घाण आहे, खताचं नाही. तुम्ही इथंच थांबलात तरी चालेल. खऱ्या झाडांची गोष्ट वेगळी. व्हॅलिसनेरिया, जावा फर्न, हॉर्नवर्ट या मंडळींचं निव्वळ माशांच्या विष्ठेवर भागत नाही, अशी हौशी लोकांची श्रद्धा आहे. टॉम बार नावाच्या अमेरिकी जाणकारानं रूढ केलेली एक पद्धत जगभर चालते, ‘एस्टिमेटिव्ह इंडेक्स’ म्हणतात तिला. आठवड्यातून तीनदा खत सढळ हातानं घालायचं, काही मोजत बसायचं नाही आणि आठवड्याच्या शेवटी अर्धं पाणी फेकून द्यायचं, म्हणजे जास्तीचं साचत नाही. आधी जास्त घालायचं आणि मग जास्तीचं फेकायचं. ज्यानं हे बसवलं त्याच्या घरी नळ रोज येत असणार.

या पद्धतीची खतं छोट्या बाटल्यांतून मिळतात आणि बाटलीची किंमत माशांपेक्षा जास्त असते. पण लेबल नीट वाचलं की कळतं, आत पोटॅशियम नायट्रेट आहे. तेच पोटॅशियम नायट्रेट आपल्याकडच्या कुठल्याही कृषी केंद्रात विद्राव्य खत म्हणून मिळतं. नाव : तेरा शून्य पंचेचाळीस. स्फुरद हवा तर शून्य बावन्न चौतीस. ठिबकवाल्यांच्या तोंडी हे आकडे मोबाइल नंबरासारखे बसलेले असतात. तेव्हा मीही गेलो.

“तेरा शून्य पंचेचाळीस द्या. शंभर ग्रॅम.”

“सुटं नाई मिळत. किलोचा पुडा हाय. किती एकर हाय तुमचं?”

“दोन फूट.”

दुकानदारानं मागच्या बाकावरच्या दोन शेतकऱ्यांकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

“पीक कोनतं?”

“मोली.”

“मुळा म्हना ना मंग,” तो म्हणाला आणि बिल केलं. मोली हे माशाचं नाव, पण मी त्याला दुरुस्त केलं नाही.

नवशिक्यानं इथं एक गोष्ट लक्षात ठेवावी. कृषी केंद्रात एकोणीस एकोणीस एकोणीस नावाचंही खत असतं आणि ते सगळ्या पिकांना चालतं असं प्रेमानं सांगतात. पिकांना चालतं. माशांना नाही. त्यातला नत्र बराचसा युरिया आणि अमोनियाच्या रूपात असतो, तो टाकीत पडला की माशांचे कल्ले भाजतात. मग तुम्हाला पाण्याच्या नाही, माशांच्या विल्हेवाटीची मार्गदर्शिका लागेल. (ती सोपी आहे : लिंबाच्या बुडाशी वीतभर खड्डा. संडासात सोडू नका, लहान मुलं बघत असतात.)

पायरी दुसरी : घमेंड उतरवा

खताचं पाणी, खताचं पाणी म्हणताना छाती थोडी फुगते. हिशेब करून टाका, उतरेल. तेरा शून्य पंचेचाळीस एक ग्रॅम घेऊन शंभर लिटरमध्ये विरघळवलं की नायट्रेट लिटरमागे जेमतेम ६ मिलिग्रॅमनं वाढतं. आठवड्यातून तीन ग्रॅम घातलं आणि दर आठवड्याला निम्मं पाणी बदललं, तर आकडा चाळिसाच्या आत राहतो. चाळीस धरा. फेकायच्या पन्नास लिटरमध्ये नायट्रेट झालं २ ग्रॅम आणि त्यातला निव्वळ नत्र अर्ध्या ग्रॅमहून कमी. आता युरियाची एक गोणी : ४५ किलो, त्यात नत्र ४६ टक्के, म्हणजे वीस किलोंवर. तुमच्या टाकीतून एका गोणीइतका नत्र शेतात जायचा तर दर रविवारी न चुकता पाणी बदलत ८८० वर्षं काढावी लागतील. भिल्लम यादवानं देवगिरीला राजधानी वसवली त्याच्या आधी सुरुवात केली असती, तर यंदा एका गोणीची बचत झाली असती.

किलोचा पुडा मात्र सहा वर्षं पुरतो. पहिल्याच पावसाळ्यात तो दगड होतो ही गोष्ट वेगळी. पुढचे डोस मी बत्त्यानं फोडून काढतोय आणि घरात खलबत्ता नवा आणावा लागला.

पायरी तिसरी : पाणी तपासा. तुमच्या टाकीतलं नाही, बोअरचं.

नायट्रेट मोजायचा संच मिळतो. नळकांड्यात पाणी, दोन बाटल्यांतले थेंब, हलवायचं, थांबायचं. रंग नारिंगीकडून लालकडे जितका जाईल तितकं नायट्रेट जास्त. मी आधी टाकीचं पाणी तपासलं : नारिंगी. मग सहज म्हणून अंगणातल्या बोअरचं तपासलं, त्यातूनच टाकी भरतो ना. ते टाकीपेक्षा लाल निघालं.

तेव्हा कळलं की मी सहा महिने खत घालत होतो ते आधीच खत असलेल्या पाण्यात, आणि झाडांनी ते पाणी उलट थोडं साफ केलं होतं.

यात माझ्या बोअरचं काही विशेष नाही. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४च्या वार्षिक अहवालात नायट्रेट मर्यादेबाहेर गेलेल्या नमुन्यांचं प्रमाण राज्यात जिथं सगळ्यात जास्त दिसलं, त्या जिल्ह्यांत वर्धा, बुलढाणा आणि अमरावती ही नावं वर होती. पिण्याच्या पाण्याची भारतीय मानकानुसारची मर्यादा लिटरमागे ४५ मिलिग्रॅम. म्हणजे नायट्रेटपुरतं बोलायचं तर माशांच्या टाकीतलं टाकाऊ पाणी कागदोपत्री पास आणि कित्येक विहिरींचं नापास. (माशांचं पाणी प्या असा याचा अर्थ नाही. हे लिहावं लागतं.) जमिनीतलं हे नायट्रेट आलं ते मुख्यतः वर्षानुवर्षं टाकलेल्या युरियाच्या गोण्यांतून, उकिरड्यांतून आणि आपल्या मागच्या बोळातल्या त्या फरशीखालून.

या पायरीबाबत एक सूचना काळवेळेची. जानेवारी २०२५मध्ये शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांत माणसांचे केस झपाट्यानं गळायला लागले आणि संशय पहिल्यांदा गेला तो पाण्यावर. नमुने घेतले, नायट्रेट आणि क्षार जास्त निघाले, आयसीएमआरचं पथक येऊन गेलं. मग महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर, विंचूदंशावरच्या कामामुळे सगळ्यांना ठाऊक असलेले, यांनी बोट ठेवलं रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमवर. त्या गावांतल्या पोरीबाळींनी काय भोगलं, ठरलेली लग्नं कशी अडली, तो काही या लेखाच्या सुरात बसणारा विषय नाही. इतकंच सांगतो की त्या दिवसांत शेगावहून वीस-एक किलोमीटरवर राहणारा एक इसम नळकांड्यात बोअरचं पाणी घालून ते लाल करून बघत होता, आणि गल्लीतल्या चार बायका भिंतीपलीकडून त्याच्याकडे बघत होत्या. संध्याकाळपर्यंत आमच्या बोअरवर कोणी फिरकलं नाही. तपासणी दार लावून करावी.

पायरी चौथी : दुसऱ्या टाकीची ओळख

नवशिक्याला वाटतं, सेप्टिक टाकी म्हणजे खड्डा. खड्डा नाही ती. ते एक संथ चालणारं पोट आहे. भारतीय मानक २४७० यात तिची मापं दिलेली आहेत : पाच माणसांच्या घराला लांबी दीड मीटर, रुंदी पाऊण मीटर, पाण्याची खोली निदान एक मीटर. म्हणजे अकराशे लिटरच्या आसपास. आत जड ते खाली बसतं, हलकं ते साय धरून वर तरंगतं, आणि मधलं पाणी हळूच दुसऱ्या तोंडानं शोषखड्ड्यात जातं. खाली बसलेल्याला हवेशिवाय जगणारे जीवाणू खात राहतात. त्यांना घाई चालत नाही. पाणी निदान एक दिवस तरी आत स्वस्थ बसलं पाहिजे.

तुमचं खतपाणी यांच्यात गेलं तर काय होतं? मी ज्या भीतीनं ही मार्गदर्शिका लिहायला घेतली, तिचं उत्तर थोडं निराश करणारं आहे : काहीच होत नाही. तिथं हवा नाही, खायला भरपूर आहे, अशा ठिकाणी जीवाणू नायट्रेटमधला ऑक्सिजन ओढून घेतात आणि नत्र वायू होऊन गॅस पाइपातून आभाळात जातो. आपल्या भोवतीच्या हवेत चार पंचमांश तोच आहे. याउलट आपल्या स्वतःच्या शरीरातून निघणारा नत्र, माणशी रोज साधारण ११ ग्रॅम, अमोनियाच्या रूपात या टाकीतून जवळजवळ तसाच पुढे शोषखड्ड्यात जातो. तिथं मातीत हवा लागली की दुसरे जीवाणू त्याचं नायट्रेट करतात. ते माती धरून ठेवत नाही, पाण्याबरोबर खाली उतरतं आणि एक दिवस कोणाच्या तरी नळकांड्यात लाल रंग होऊन वर येतं.

थोडक्यात, माशांच्या टाकीतला आठवड्याचा नत्र म्हणजे घरातल्या एका माणसाचा एक तास. सेप्टिक टाकीला तुमच्या छंदाची चाहूलही लागत नाही.

ही टाकी विहिरीपासून किती लांब हवी? मानक म्हणतं, शोषण्याची जागा पिण्याच्या पाण्यापासून निदान १८ मीटर, म्हणजे एकोणसाठ फूट. आमच्या ले-आउटमधला प्लॉट तीस बाय पन्नासचा. एका कोपऱ्यात शोषखड्डा आणि बरोबर तिरप्या टोकाच्या कोपऱ्यात बोअर घेतली, तरी अंतर अठ्ठावन्न फूट भरतं. कर्ण मी दोनदा काढून पाहिला. आणि शेजारच्यानं त्याचा शोषखड्डा कुठं खणला, हे भूमितीला विचारून उपयोग नाही.

पायरी पाचवी : तुम्ही घाटावर की घाटाखाली?

आपला जिल्हा तेरा तालुक्यांचा. पण लग्न जुळवताना, ऊन मोजताना आणि भाषेवरून माणूस ओळखताना तो दोनच भागांत असतो. घाटावर बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा. घाटाखाली आम्ही, मलकापूरपासून संग्रामपूरपर्यंत. पाणी ओतण्यापूर्वी हे ठरवावं.

घाटावर बऱ्याच ठिकाणी हातभर मातीखाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण. मुरमात पाणी भराभर उतरतं, गाळून न घेता. पाषाणाच्या भेगेत शिरलेलं पाणी कोणाच्या विहिरीत निघेल हे सांगता येत नाही. घाटाखाली काळी कपाशीची माती. उन्हाळ्यात तिला हात जाईल अशा भेगा पडतात आणि पावसाळ्यात ती फुगून घट्ट मिटते. जुलैमध्ये आमचा शोषखड्डा काहीही शोषत नाही, फक्त खड्डा उरतो. आणि त्याहून खाली पूर्णेकडे गेलात, शेगाव-नांदुरा-जळगाव जामोद-संग्रामपूरच्या अंगाला, की खारपाणपट्टा. तिथं जमिनीतलं पाणीच इतकं खारट की मासे पाळणारा गोड्या पाण्यासाठी टँकरची वाट बघतो. तिथल्या नवशिक्यानं माशांच्या औषधाला टाकीत खडेमीठ घातलं असेल, तर ते पाणी झाडांना घालू नये. त्या जमिनीला मीठ कमी पडलेलं नाही.

आणि लोणार? लोणारकरांना काय शिकवायचं. त्यांच्याकडे जिल्ह्यातली सगळ्यात मोठी टाकी आहे, काठापासून काठापर्यंत पावणेदोन किलोमीटरच्या वर, उल्कापातानं बेसॉल्टात खणलेली. त्यातल्या पाण्याचा सामू दहाच्या घरात आणि वर खारटपणा. आम्ही सामू सातावरून साडेसातावर गेला की रात्रभर जागतो. जून २०२०मध्ये ते अख्खं सरोवर गुलाबी झालं, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गोष्ट गेली, आणि पुण्याच्या आघारकर संस्थेनं सांगितलं की ही खारट पाण्यातल्या सूक्ष्मजीवांची करामत, कोणी रंग टाकलेला नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरात ते पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेलं. गावचं सांडपाणी त्या सरोवरात उतरतं म्हणून कोर्टकचेऱ्या कितीतरी वर्षं चालल्या. टाकीतून टाकीत पाणी सोडलं की काय होतं, याचा सगळ्यात मोठा प्रयोग आपल्याच जिल्ह्यात झालेला आहे, आणि तो सेप्टिक टाकी मध्ये न ठेवता.

पायरी सहावी : ओता

एकेक बादली. मध्ये तासाभराचं अंतर. पन्नास लिटर चालतं; पण उत्साहाच्या भरात मोठी टाकी रिकामी करून तीनशे लिटर एकदम सोडलंत तर अकराशे लिटरच्या पोटात खळबळ होते. बसलेला गाळ उठतो, तरंगती साय हलते आणि दोन्ही मिळून शोषखड्ड्याकडे निघतात. तिथल्या काळ्या मातीची छिद्रं एकदा त्या चिकट गाळानं बुजली की मग गवंडी, मजूर, नवा खड्डा. गजानन महाराजांच्या प्रकटदिनाच्या आठवड्यात अजिबात ओतू नका. शेगाव खामगावपासून जवळ आहे, लॉज महाग आहेत आणि नातेवाईक सुज्ञ आहेत. त्या आठवड्यात आमच्या पाच माणसांच्या टाकीवर सतरा माणसांचा भार असतो. मानक २४७० यात प्रकटदिनाचा उल्लेख नाही, ही त्यातली उणीव.

गॅस पाइपाच्या तोंडाला जाळी बांधलेली आहे ना बघा. डास या टाकीत हजारांनी वाढतात. आमच्या आरोग्यसेविका ताई दर फेरीत हेच विचारतात, आणि मग पुढच्या खोलीतल्या काचेच्या टाकीकडे बघून कपाळाला आठ्या घालतात, कारण त्यांच्या फॉर्मवर ती ‘पाणी साठवलेलं भांडं’ या रकान्यात येते आणि आठवड्यातून एक दिवस भांडी कोरडी ठेवायची असतात. त्यात गप्पी मासे आहेत असं दाखवलं की ताईंचा चेहरा खुलतो. गप्पी त्यांच्याच खात्याचे. हिवतापवाले ते गावोगावी डबक्यांत सोडतात.

पायरी सातवी : गाळ

तळातला काळपट गाळ नळीनं ओढला की बादलीच्या बुडाशी चार बोटं साचतो. तो संडासात घालणं म्हणजे सेप्टिक टाकी भरायला हातभार. शासनाची ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना २०१७ पासून आहे. महामार्गाच्या भरावासाठी तलाव-नाल्यांतली माती काढायची आणि त्या खड्ड्यांत पाणी साठवायचं, हा ‘बुलढाणा पॅटर्न’ तर आपल्याच नावानं प्रसिद्ध. तेव्हा गाळमुक्त टाकी, गाळयुक्त कुंडी. अर्जाची गरज नाही.

पायरी आठवी : काय ओतू नये

मोरचूद. गोगलगायी मारायला किंवा माशांच्या अंगावरचे पांढरे ठिपके घालवायला तांब्याची औषधं वापरतात. संत्रावाले बोर्डो मिश्रणात मोरचूद घालतात ते बुरशी मारायला. तुमच्या सेप्टिक टाकीतले जीवाणूही त्याच मारात सापडतात. टाकी धुतलेलं ब्लीचिंग पावडरचं पाणी, ‘लिक्विड कार्बन’ या गोंडस नावाखाली विकलं जाणारं जंतुनाशक, उरलेल्या प्रतिजैविकाच्या गोळ्या : यांतलं काहीही नाही. जिवंत मासा नाही, गोगलगाय नाही, झाडाची फांदी नाही. आणि सेप्टिकला नाही म्हणून आमच्या जनुना तलावालाही नाही. काच चाटतो म्हणून हौसेनं आणलेला सकर मासा वाढून हातभर झाला की लोक तो नदीत सोडतात. उजनीच्या मच्छीमारांना विचारा, त्यांच्या जाळ्यांची काय दशा करतो तो.

पायरी नववी. ही हसत वाचायची नाही. टाकी तुंबली, पाणी वर आलं, तरी झाकण काढून आत कोणी उतरायचं नाही. तुम्ही नाही, रोजानं आणलेला माणूसही नाही. आतला वायू एका श्वासात माणूस आडवा करतो आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही तिथंच राहतो. वर्तमानपत्रात बातमी येते तेव्हा बहुतेक वेळा मेलेले दोन किंवा तीन असतात. २०१३च्या कायद्यानं संरक्षक साधनांशिवाय माणसाला असं उतरवणं गुन्हा आहे. नगरपालिकेला कळवा, सक्शन गाडी बोलवा, दोन-तीन वर्षांनी तशीही बोलवायचीच असते.

पायरी दहावी : शेजारी

एवढं सगळं शिकून, कर्ण काढून, पहिल्या रविवारी मी ‘मासे’ लिहिलेली बादली उचलली आणि मागच्या बोळाकडे निघालो. भिंतीवरून शेजारच्या काकू.

“कायले फेकून राह्यला बावा ते पानी?”

“काकू, घाण आहे. माशांचं.”

“मासे काय घान करतात? आपल्यापेक्षा त कमीच. इकडं दे. सांबार वाळून चाललाय माहा.”

आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर, इडलीबरोबरचा नव्हे. पहिली बादली भिंतीवरून गेली. दुसरी आमच्या मायनं वाटेतच धरली, ती लिंबाला. नळ त्या खेपेला नवव्या दिवशी आला होता. तिसरी गोडलिंबाला, चौथीवर समोरच्या घरातल्या मुलाची मोटारसायकल धुतली गेली. पुढच्या रविवारी मी नळी लावायच्या आतच भिंतीवर तीन रिकाम्या बादल्या ठेवलेल्या. मी त्यांना हिशेब समजावला, अर्धा ग्रॅम नत्र, ८८० वर्षं. काकू म्हणाल्या, खत असो नसो, पन्नास लिटर पानी त हाय ना? याच्यावर माझ्याकडे आकडा नव्हता. आता दर रविवारी कोणाची पाळी, ते काकू ठरवतात. गेल्या महिन्यात मी परगावी होतो तर पाणी त्यांनीच बदललं. मासे जिवंत आहेत, टाकी जरा जास्तच रिकामी झाली होती.

पायरी अकरावी : निळं पाणी

म्हणजे सेप्टिक टाकीसाठी उरलं फक्त निळ्या औषधाचं पाणी. आजारी मासा वेगळा काढायचा, दहा लिटरच्या बादलीत मेथिलीन ब्लूचे थेंब घालून ठेवायचा. मासा बरा झाला की ते पाणी भाजीला घालायचं नसतं, कुंडीत नाही, गुरांच्या तोंडी लागेल असं नाही. हे खास संडासाचं पाणी. वर्षातून एक बादली, दुसऱ्या दोन बादल्या साध्या पाण्यात पातळ करून, सावकाश. ज्या पाण्यासाठी ही सगळी मार्गदर्शिका, ते हेच.

मागच्या महिन्यात माझी एक मोली बरी झाली. गर्द निळ्या पाण्याची बादली घेऊन मी मागच्या दारापर्यंत गेलो. दार लावलेलं होतं. बादली खाली ठेवून किल्ली आणायला आत आलो, परत जातो तो बादली नाही. न्हाणीतून मायचा आवाज.

“बरं झालं बाप्पा, नीळ कालवून ठेवली तू. कालपासून पुडी सापडून नोयती राह्यली.”

बाबांची दोन्ही धोतरं आत गेलेली होती. मेथिलीन ब्लू हा मुळात कापड रंगवायचा रंग. चौथ्या धुण्यालाही उतरलेला नाही. बाबा काही बोलले नाहीत. संध्याकाळी त्यातलं एक नेसून टाकीसमोर जरा वेळ उभे राहिले, आणि तेव्हापासून रोज सकाळी माशांची तब्येत कशी आहे याची चौकशी करतात.